नेढं

सदाशिव पेठ, पुणे
२४ ऑगस्ट, रविवार रात्र

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून तोंडाला रंग फासतोस का रे? काय मिळतं त्यातून?" मी नेहमीसारखा हसलो आणि तुझ्या गुडघ्यावर विषय नेला. पण फोन ठेवल्यावर ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर सोडून दिलं असतं. पण तू? पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका स्पर्धेत भरत नाट्य मंदिराच्या विंगेत माझी एन्ट्री चुकू नये म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहणारा तू? म्हणून हे पत्र. लांबेल. चिपळूणच्या पावसात तुला तरी दुसरं काय काम आहे!

आधी पैशांचं सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल. एका नाइटचे, म्हणजे एका प्रयोगाचे, पाचशे रुपये. पाकीट हातात येतं, पण परत येताना टेम्पोवाल्याला दोनशे कमी पडतात आणि चहा-वड्याचे कुणीतरी द्यायचे असतात, तो कुणीतरी बहुधा नोकरीवाला म्हणून मीच. पहिल्या प्रयोगाची ३८ तिकिटं गेली. त्यातली ११ माझ्या सासुरवाडीने घेतली. झालं.

आता नाटकाचं. तीन पात्रं, दीड तास, मध्यंतर नाही. मी बाप. बायको गेलेली, एकुलता मुलगा पहाटेच्या विमानाने निघालेला. निघता निघता त्याच्या शर्टाचं बटण तुटतं आणि बाप ते लावून देतो. चार मिनिटांचा प्रवेश. त्या चार मिनिटांत बाप विम्याच्या हप्त्याबद्दल बोलतो, सोसायटीच्या टँकरबद्दल बोलतो, जे बोलायचं ते सोडून सगळं बोलतो. आमची दिग्दर्शिका सव्वीस वर्षांची आहे, मला काका म्हणते आणि काका म्हणत म्हणत सोलून काढते. पहिल्याच वाचनाला म्हणाली, "काका, बटण लावून होईपर्यंत मुलगा मनाने घरातून गेलेला पाहिजे." मी मान डोलावली. घरी येऊन लक्षात आलं की आपल्याला बटणच लावता येत नाही.

हसू नकोस. सुई हातात असली की माझं तोंड बंद व्हायचं आणि तोंड सुरू झालं की हात थांबायचा. हिने शिकवलं. चार भोकांचं बटण, सात टाके, शेवटी खालून तीन वेढे आणि गाठ. मग त्या टाक्यांवर वाक्यं बसवली. दोरा वर खेचला की 'हप्ता', सुई खाली गेली की 'भरलाय', असं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी रुमालावर बटणं लावायचो. आमच्या साहेबांनी एकदा पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

त्यात चष्म्याचं त्रांगडं. जवळचं मला चाळिशीशिवाय दिसत नाही आणि काचेवर बाजूचा लाइट चमकतो, म्हणून दिग्दर्शिकाबाईंनी चष्मा काढायला लावला. सुई ओवायची ती अंदाजाने. तुळशीबागेत जाऊन म्हटलं, "मोठ्या नेढ्याची सुई द्या. पन्नास." दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गोधड्या शिवायचा कारखाना काढताय का?" पुणंच ते! दोरा पांढरा घेतला, काळ्या पडद्यापुढे तोच दिसतो.

तालमी नारायण पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात, रात्री आठ ते साडेदहा. फळ्यावर तिसरीचे पाढे. आल्या आल्या बाकं भिंतीला लावायची, खडूने जमिनीवर दार, खिडकी, टेबल आखायचं, आणि जाताना सगळं पुसून बाकं जागच्या जागी. अशा ४४ तालमी झाल्या. एकोणीस बाकं, येता-जाता दोनदा. गुणाकार तूच कर. जुलैपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो हे तुला सांगायला नको. मी हळव्या आवाजात "पोचलास की फोन कर" म्हणायचो आणि पाठोपाठ तिकडून धडाड्‌धूम. सोफा तरी ठेवूया म्हटलं, नुसत्या टेबल-खुर्चीवर घर कसं वाटेल? तर दिग्दर्शिका म्हणते, "१९७२ साली भरतच्या मंचावर 'घाशीराम कोतवाल' माणसांच्या भिंतीवर उभं राहिलं. तुम्हाला सोफा कशाला लागतो?" यावर काय बोलणार?

पहिला प्रयोग शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचला. छोटं नाट्यगृह, पहिली रांग जवळजवळ आपल्या पायाशी. बालगंधर्व रंगमंदिरात कसं, पहिल्या दोन-तीन रांगांपलीकडे सगळा काळोख, हजारेक माणसं असतील-नसतील. इथे कोण जांभई देतंय ते दिसतं. दुपारी दोनला टेम्पो आला. टेबल, दोन खुर्च्या, दाराची एक चौकट. चौकट जिन्यात अडकली. तीनला लाइट लावायला घेतले. आता तुझ्यासारखं पत्र्याच्या डब्यांपुढे जिलेटिनचे कागद चिकटवत कुणी बसत नाही, एलईडी आहेत, बोट फिरवलं की रंग बदलतो. तरी घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, चढून स्पॉट इंचभर डावीकडे वळवणारा पोरगा लागतोच आणि तो सकाळपासून उपाशीच असतो, ते काही बदललेलं नाही. परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरच्या, प्रमाणपत्राची प्रत कुणाच्या तरी बॅगेत राहिली होती, ती येईपर्यंत साडेपाच. मग धावती तालीम, मेकअप, नटराजापुढे नारळ. घंटा झाल्या. तिसऱ्या घंटेला माझ्या पोटात अजूनही तसाच गोळा येतो, अठराव्या वर्षी यायचा तसा.

तो प्रवेश आला. मुलगा समोर उभा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, गुणी पोरगा. मी सुई उचलली. दिवसभर पाऊस, हवा दमट, त्यात हात घामेजलेले. दोऱ्याचं टोक फिसकारलं. पहिल्यांदा नेढ्यात गेलं नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा गेलंसं वाटलं, ओढायला गेलो तर बोटात नुसता दोरा. पोराचं पुढचं वाक्य माझ्या पहिल्या टाक्यावर होतं, त्यामुळे तोही अडकला. मदतीला अर्धं पाऊल पुढे आला, मी नुसतं पाहिलं, तो थांबला. नंदू, सभागृहात इतकी शांतता झाली की डोक्यावरच्या लाइटची गुणगुण ऐकू आली. आणि तिसऱ्या रांगेतून एका आजींचा आवाज आला. मला उद्देशून नव्हे, स्वतःशीच, पुटपुटल्यासारखा. "अहो, ओला करा ना तो."

कुणीही हसलं नाही.

मी दोरा ओठांत धरला, टोक वळलं, ओवला. गेला. आणि समोरच्या सगळ्या माणसांनी एकदम श्वास सोडला, तो मी ऐकला. पुढचं वाक्य होतं, "दिसत नाही रे आता." ४४ तालमींत मी ते बोललो होतो, कधी पॉज आधी घेऊन, कधी नंतर. त्या संध्याकाळी मला खरोखर दिसत नव्हतं, आणि ते मी त्या पोराला सांगितलं, बस. तो 'बाबा' म्हणाला. संहितेत तिथे 'बाबा' नाही.

सगळं मिळून वीस सेकंद असतील.

नंतर टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या. मग पाऊण तासात मंच रिकामा करायचा म्हणून मेकअप तसाच ठेवून मी चौकटीचं एक टोक धरलं. बाहेर छत्र्यांच्या गर्दीत त्या आजी दिसतात का म्हणून दोनदा डोकावलो. नाही दिसल्या. टेम्पोवर ताडपत्री बांधून अमृततुल्यला पोचलो तेव्हा तो शटर ओढत होता.

इथे खरं तर थांबायला हवं, पण तुला अर्धंच सांगितलं तर तू विचारशील. पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग होता, गावाबाहेरच्या एका मोठ्या नाट्यगृहात. तिथला एसी बंद, मेकअप रूमच्या नळाला पाणी नाही, ते असो. आठवडाभर मी मनातल्या मनात ते वीस सेकंद घोळवत होतो. दोरा नीट पिळून, टोक कापून सुई तयार होती, पहिल्या फटक्यात गेली असती. मी मुद्दाम दोनदा हुकवली. शांततेची वाट पाहिली. कुणीतरी खोकलं, एका मोबाइलचा उजेड पडला, मागून एक जण फिस्सकन हसला. दोरा ओठांत धरला तेव्हा मलाच माझी लाज वाटली. विंगेत आलो तर दिग्दर्शिका उभी. आवाज न चढवता म्हणाली, "काका, त्या दिवशी दोरा चुकला होता. आज तुम्ही चुकवलात." आणि दुसऱ्या दिवशी तालमीत माझ्याकडून तीसदा सुई ओवून घेतली. सलग. मोजून.

तुला बॅटरी आठवते? आपल्या गॅदरिंगला फ्यूज उडाला आणि तू विंगेतून सायकलची बॅटरी माझ्या तोंडावर मारलीस, लोकांना वाटलं हीच प्रकाशयोजना. टाळी पडली होती. तीस वर्षं होत आली, दर भेटीत तू तेवढंच सांगतोस. त्या वर्षी बक्षीस कोणतं मिळालं ते मी मागे तुला विचारलं होतं, तुला आठवलं नव्हतं. मग मला कशाला रे विचारतोस काय मिळतं म्हणून?

गणपती उठले की पुढच्या रविवारी पुन्हा सुदर्शनला प्रयोग आहे. ये. मुक्काम आमच्याकडेच. येताना आगळ आण, आणि वहिनींनाही आण, म्हणजे तिकिटं ४० होतील. लाइटवाल्या पोराला घोडा धरायला माणूस हवाच आहे. तुझ्या गुडघ्याला झेपेल तेवढं धर.

तुझा,
बंड्या

ता. क. माझ्या ऑफिसच्या शर्टाचं वरून तिसरं बटण पंधरा दिवसांपासून तुटलेलं आहे. ही लावून देत नाही. म्हणते, "पाचशे रुपये घेऊन लोकांसमोर लावता, घरी फुकट लावा." तुळशीबागेतल्या सुया अजून एकोणचाळीस शिल्लक आहेत. पण चष्मा लावून मला आता ओवताच येत नाही.