लिम्स लावून देणाऱ्या मॅडमना, पाणी तपासणी प्रयोगशाळेकडून

सप्रेम नमस्कार मॅडम,

हे पत्र नुसतं तुमच्या पत्त्यावरही पाठवता आलं असतं. पण तुम्ही लावलेल्या सवयी पाणी तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या उपयोगाच्या आहेत, म्हणून उघडच लिहीत आहोत. लिम्स म्हणजे प्रयोगशाळेतले नमुने, रीडिंग आणि अहवाल सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. त्यातलं सेनाइट तर मुक्त स्रोत आहे, कुणीही उतरवून घ्यावं आणि सर्व्हरवर बसवावं. ते टेबलावरच्या कामाच्या मापाने बेतून देणारं माणूस मात्र शोधूनही सापडत नाही.

पहिले आभार, सुरुवातीला संगणक बंद ठेवायला लावल्याबद्दल. तुम्ही आधी रजिस्टरं मागितलीत: नमुना आवक, टायट्रेशनची वही, द्रावणांची वही, जुन्या अहवालांच्या प्रती. त्यांतून चाचण्यांची यादी काढली तेव्हा एकच चाचणी ‘टोटल हार्डनेस’, ‘टीएच’ आणि ‘एकूण काठिण्य’ अशा तीन नावांनी नांदत होती. तशीच भरली असती तर सॉफ्टवेअरने त्या तीन वेगळ्या चाचण्या धरल्या असत्या आणि एकाच विहिरीचे पावसाळ्यापूर्वीचे नि नंतरचे आकडे शेजारी आलेच नसते. प्रत्येक चाचणीला एकच नाव, एकच एकक, पद्धत, दशांश स्थळं, शोधमर्यादा (पद्धतीला ओळखता येईल असं सर्वांत कमी प्रमाण) आणि नमुना लावायची मुदत, असा तक्ता तुम्ही कागदावर पक्का करून घेतलात. नायट्रेटच्या ओळीपुढे ‘नायट्रेट म्हणून, नायट्रोजन म्हणून नव्हे’ हा शेरा तुमचाच. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली ४५ मिग्रॅ/लिटरची मर्यादा नायट्रेटची आहे. उपकरण नायट्रोजन दाखवत असेल तर आकड्याला ४.४३ ने गुणावं लागतं. ते राहिलं तर १२ चा आकडा बिनबोभाट पास होतो आणि पाण्यात खरं नायट्रेट असतं ५३.

गावांच्या नावांवरही तुम्ही असाच वेळ घातलात. बुद्रुक, बु., बु॥ हे संगणकाला तीन गावं वाटतात, आणि एका जिल्ह्यात वडगावं किती असतील याचा नेम नाही. म्हणून गाव टंकायचं नाही, एलजीडी (सरकारच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतल्या) कोडाच्या यादीतून निवडायचं. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकला जातो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोधताना एक सापडतो नि दुसरा हरवतो. हे मराठीत डेटा भरणाऱ्या कुणालाही आधी सांगून ठेवायला हवं.

पण सगळ्यांत मोठं ऋण आहे ते तुमच्या हट्टाचं: लिम्समध्ये निकाल भरायचा नाही, रीडिंग भरायचं. ब्युरेटचं (द्रावण थेंबाथेंबाने सोडणाऱ्या नळीचं) सुरुवातीचं नि शेवटचं रीडिंग, ब्लँक (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन आलेलं रीडिंग), नमुन्याचं आकारमान. गणित सॉफ्टवेअर करेल. काठिण्याचंच घ्या. नमुना ५० मिलि, ईडीटीए (काठिण्य मोजायचं द्रावण) १२.४ मिलि, ब्लँक ०.१ मिलि. वापर १२.३. त्या दिवशी प्रमाणित केलेल्या ईडीटीएचा १ मिलि म्हणजे ०.९८ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. निकाल २४१ मिग्रॅ/लिटर. घटक (१ मिलि म्हणजे किती मिग्रॅ) १.०० धरून कुणी वहीत २४६ लिहिलं असतं आणि त्या आकड्याकडे बघून चूक कुठली हे कुणालाच कळलं नसतं. रीडिंग जपलेलं असेल तर घटक चुकला हे महिन्यानंतरही लक्षात येतं आणि त्या बाटलीवर केलेले सगळे नमुने एकदम शोधता येतात. त्यासाठी प्रत्येक ईडीटीएच्या बाटलीला नोंद क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटक द्यावा लागतो. ही शिस्त आधी जाचक वाटते, खोटं कशाला बोला.

आकारमानाचा रकाना रिकामा ठेवण्याचा तुमचा निर्णय तर छोटासा, पण फार शहाणा. आधीपासून ५० भरून ठेवलं की काम भराभर होतं. मग एखाद्या खारट बोअरवेलचा नमुना २५ मिलि घेऊन पाणी घालून ५० केला जातो, रकान्यातले ५० तसेच राहतात आणि ४८० चं काठिण्य २४० होऊन बाहेर पडतं. रिकामा रकाना माणसाला विचार करायला लावतो.

एकमेकांना छेद देणारे आकडे पकडण्यासाठी तुम्ही घातलेल्या तपासण्या रोज उपयोगी पडतात. कॅल्शियमचं काठिण्य एकूण काठिण्याहून जास्त आलं तर मॅग्नेशियम उणे येतं. तिथे निकाल अडतो. धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभार धरून मोजायच्या एककात) जुळवली जाते: ऋण आयनांची बेरीज ३ ते १० असेल तर फरक २ टक्क्यांच्या आत, त्यावर ५ टक्क्यांच्या आत. टीडीएसला (विरघळलेल्या एकूण घन पदार्थांना) विद्युतवाहकतेने भागलं तर उत्तर साधारण ०.५५ ते ०.७ मध्ये पडायला हवं. यांतलं काही जुळलं नाही तर बहुतेक वेळा क्लोराइडमध्ये विरलनाचा (नमुन्यात पाणी मिसळल्याचा) गुणक विसरलेला असतो, नाहीतर बाटल्यांची अदलाबदल झालेली असते.

‘०.०५ पेक्षा कमी’ हा निकाल अक्षरांत टंकला तर तो आकडा राहत नाही, नुसता ०.०५ टंकला तर खोटा होतो. शोधमर्यादेचं चिन्ह वेगळ्या रकान्यात निवडायचं, हे तुम्ही दाखवलंत. आकडे पूर्ण करण्याचा नियमही तुम्ही आयएस २ या मानकाप्रमाणे लावलात: शेवटी नेमका ५ आला तर आधीचा अंक सम राहील असं बघायचं. एक्सेलचं साधं सूत्र ०.२५ चं ०.३ करतं, या नियमाने ०.२ येतं. मर्यादेच्या काठावरच्या नमुन्याला याने फरक पडतो.

लोहाची मर्यादा आयएस १०५०० च्या २०१५ च्या दुरुस्तीत ०.३ वरून १.० मिग्रॅ/लिटर झाली. नवी मर्यादा भरताना जुनी खोडायची नाही, तारखेसह नवी आवृत्ती करायची. नाहीतर जुना अहवाल पुन्हा छापला की त्यावर आजची मर्यादा उमटते.

लेबलांचं सांगायलाच हवं, कारण तिथे सगळे फसतात. साधं थर्मल लेबल स्वस्त, पण ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत काळंठिक्कर पडतं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसट होतं आणि फ्रिजमधल्या ओलीने सुटून येतं. तुम्ही पॉलिएस्टरचं लेबल आणि रेझिन रिबनचा थर्मल ट्रान्स्फर प्रिंटर सुचवलात. लेबल झाकणावर नाही, बाटलीच्या अंगावर, झाकणं बदलतात. बारकोड बाटलीच्या उभ्या अंगाने, गोलाईवर आडवा लावला तर स्कॅनर वाचत नाही. गावांतून नमुने आणणाऱ्या जलसुरक्षकांना आधीच क्रमांक छापलेली लेबलं देण्याची कल्पना तुमचीच, त्यामुळे आवक खिडकीवरचा गोंधळ निम्म्याने कमी झाला. बाटली कधी भरली ती वेळ मात्र त्यांनी लिहिलीच पाहिजे. जीवाणू तपासणीचे २४ तास तिथून मोजायचे, आवक शिक्क्यापासून नव्हे.

स्पेक्ट्रोफोटोमीटर जोडताना तुम्ही आधी केबल बदललीत, मग सेटिंग पाहिलंत: ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. साधी केबल आणि नल मोडेम (आतल्या तारा उलट जोडलेली) केबल बाहेरून सारख्याच दिसतात, अर्धा त्रास तिथेच असतो. उपकरणाचं घड्याळ सर्व्हरशी जुळवून ठेवायचं, नाहीतर रीडिंग नमुना येण्याआधीच घेतलेलं दिसतं आणि लेखापरीक्षक नेमकं तेच पान उघडतात.

प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड, आणि ज्याने रीडिंग भरलं त्याला तेच पडताळता येणार नाही, यावर तुम्ही काही ऐकून घेतलं नाहीत. बरं झालं. चुकलेला निकाल पुसता येत नाही. तो मागे घेतला की जुना तसाच दिसत राहतो आणि नवा शेजारी उघडतो. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाला हवं असतं ते हेच: मूळ आकडा, बदललेला आकडा, कुणी आणि कधी बदलला. त्याच मानकाचं कलम ७.११ सांगतं की प्रणाली वापरात आणण्याआधी तपासून घ्या. तुम्ही प्रत्येक सूत्र कॅल्क्युलेटरवर करून पाहायला लावलंत, आणि मुद्दाम वाकडे आकडे घालून: ब्लँक नमुन्यापेक्षा मोठा, वापर शून्य, निकाल बरोबर मर्यादेवर. सरळ आकड्यांना सगळी सूत्रं बरोबरच उत्तर देतात.

बॅकअपबद्दलही एक ओळ. सेनाइटची नोंद डेटा फाइलमध्ये आणि जोडलेल्या फायली ब्लॉबच्या फोल्डरमध्ये असतात. एकाचाच बॅकअप घेतला तर परत उभं केल्यावर अहवालांच्या पीडीएफ गायब. दोन्ही एकाच वेळी घ्यायचे आणि दुसऱ्या संगणकावर खरंच उभे करून पाहायचे. वीज गेली तर वापरायचे कोरे, क्रमांक छापलेले तक्ते अजून कपाटात आहेत, तुम्ही ठेवलेत तिथेच.

फ्लेम फोटोमीटरला पोर्टच नाही. सोडियम-पोटॅशियमची रीडिंग अजून हातानेच भरली जातात, एक जण वाचतो, दुसरा भरतो. तुम्ही म्हणालात, तेवढ्यासाठी नवं यंत्र घेऊ नका, त्या पैशांत स्टँडर्ड द्रावणं घ्या. घेतली आहेत.

आपले कृतज्ञ,
पाणी तपासणी प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी