सव्वाबाराच्या खेळाला आम्ही यायचं कसं?

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गेल्या बुधवारी किरकोळ रजा टाकून, जावेला सोबत घेऊन, एसटीने ५२ किलोमीटरवर सिनेमा बघायला गेले. नवा मराठी सिनेमा, दिवसाला एकच खेळ, दुपारी सव्वाबाराचा. तिकिटं आदल्या रात्रीच मोबाइलवर काढली होती. दारातला मुलगा म्हणाला, "मॅडम, शो कॅन्सल झाला. चारच तिकिटं गेली." पैसे पाच-सात दिवसांत खात्यावर येतील म्हणे. माझी रजा कोणाच्या खात्यावर येणार? येताना जाऊबाई अख्ख्या रस्त्यात एक शब्द बोलल्या नाहीत.

साहेब, बुधवारी सव्वाबाराला माणसं कामावर असतात. शाळेत, बँकेत, दुकानात, वावरात. तेव्हा खेळ लावायचा आणि वर प्रेक्षक येत नाहीत म्हणून तो उतरवायचा, ही फसवणूक आहे.

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने जाहीर केलं होतं की मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी सिनेमा लागेल. मी तेव्हा शिक्षक खोलीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. थोड्याच दिवसांत त्या वेळेचं दुपारी १२ ते रात्री ९ झालं. सगळी मेख तिथेच आहे. सव्वाबाराचा खेळ लावला की सांगायला मोकळे, आम्ही वेळेत लावला.

मार्च २०२५ मध्ये 'स्थळ' आला, तोही असाच अडनिड्या वेळी पाहिला. थिएटरात आम्ही अकरा जण. आमच्याच विदर्भातलं गाव, आमच्याच बोलीतली माणसं. पाव्हणे येऊन बसतात, मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन येते, नाव काय, उंची किती, शिक्षण काय. पुन्हा दुसरे पाव्हणे, पुन्हा तेच प्रश्न. एकच प्रसंग परत परत दाखवलाय म्हणून काहींना तो संथ वाटला असेल. मला तो तसाच हवा होता, कारण ते तसंच असतं. १९९८ साली मला नऊ जण बघून गेले. रंगावरून किती जणांनी नकार दिला, ते आईने कधी सांगितलं नाही. पडद्यावरची मुलगी खाली मान घालून बसली, तेव्हा माझा हात आपोआप पदराकडे गेला. शेजारची अनोळखी बाई रडत होती. हा सिनेमा माझ्या सातवीच्या मुलींच्या आयांनी बघायला हवा होता. त्या मजुरीला जातात, दुपारी कशा येणार?

'साबर बोंडं' या मराठी सिनेमाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवला. सप्टेंबरमध्ये तो इकडे प्रदर्शित झाला, तेव्हा मी रोज मोबाइलवर शोधत होते. आमच्या जिल्ह्यात मला एकही खेळ सापडला नाही. अमेरिकेत गौरवलेला मराठी सिनेमा यवतमाळच्या मराठी बाईला बघता येत नाही, याची कोणाला लाज वाटते का?

आणि प्रेक्षक नाहीत हे मला सांगू नका. २०१६ मध्ये 'सैराट'साठी मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते. ते प्रेक्षक आम्हीच होतो.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजचं मंगल कार्यालय होऊन बारा वर्षं झाली. डॉक्टर जिल्ह्याला, चांगलं पुस्तक नागपूरला, नाटक तर पुण्या-मुंबईलाच. आमच्याकडे येतात ते फक्त माहिती भरायचे तक्ते. पट किती, शौचालयं किती, आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही शाळेत कार्यक्रम घेतला, फोटो काढून वर पाठवले. त्या अभिजात भाषेला शनिवारची एक संध्याकाळ मिळत नाही!

माझं मागणं मोठं नाही. नव्या मराठी सिनेमाला पहिले दोन आठवडे शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सहाचा एक खेळ द्या. तिकीट विकल्यावर तो रद्द करायचा नाही, चार माणसं असली तरी. आणि कोणी रद्द केलाच, तर तक्रार कोणाकडे करायची ते थिएटरच्या दारावर मराठीत लिहायला लावा.

सहाचा खेळ साडेआठला सुटतो. आमची शेवटची एसटी नऊला आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका