कढीपत्त्याच्या अळीला औषध नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतलं बागेचं पान आमच्या घरी सगळ्यात आधी वाचलं जातं, पण मागच्या वेळी गंमतच झाली. वर मोठ्या अक्षरात बागेत फुलपाखरं यावीत म्हणून काय लावायचं, आणि खाली चौकटीत कढीपत्त्याची पानं खाणाऱ्या अळीवर कुठलं औषध मारायचं. अहो, तीच अळी म्हणजे फुलपाखरू ना! लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉन, आमच्या कोल्हापुरात कढीपत्त्यावर बहुतेक हीच दोन सापडतात.

तुम्हाला नावं ठेवत नाहीये, मलाही पाच वर्षांपूर्वी काही माहीत नव्हतं. परसातल्या कढीपत्त्यावर पाखराची शीट पडलेली दिसली म्हणून पुसायला गेले तर ती शीट हलली, आणि डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं काढून असला उग्र आंबूस वास सोडला की मी दोन पावलं मागंच सरकले. लहानपणी शीटेसारखं दिसायचं म्हणजे पक्षी चोच लावत नाही, मग शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते. त्या शेवटच्या चार-पाच दिवसांत एवढी खाते की सासूबाई म्हणाल्या, आता फोडणीला काय घालू? त्यावर उपाय एकच, दुसरं झाड लावलं, एक आमचं आणि एक अळ्यांचं.

अळीला आत आणून वाढवायचं असेल तर माझ्या चुका सांगते, कारण चुकूनच शिकले. पहिली अळी मी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली, आत वाफ धरली, पानांना बुरशी आली आणि अळी गेली. दुसरीचा कोश छान झाला पण डबा बुटका, फुलपाखरू बाहेर आलं तर पंख पसरून लोंबकळायला जागाच नाही, पंख तसेच चुरगळलेले वाळले, ते काही उडालं नाही. मुलगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आता उंच बरणी, तोंडाला जुनी मच्छरदाणी, रोज ताजी पानं आणि तळातली लेंडं साफ करणं, बस्स. एक दिवस अळी खाणं सोडते, पातळ हगते आणि सैरावैरा फिरायला लागते, तेव्हा घाबरू नका, ती कोशासाठी जागा शोधत असते. एकदा एक निसटली ती वॉशिंग मशीनच्या पाइपवर जाऊन बसली, कमरेला रेशमाचा एक दोरा बांधून, आणि कोश पाइपसारखाच खाकी! पानांत झालेले कोश हिरवे असतात. दहाएक दिवसांनी कोशातून पंखांचा रंग दिसला की समजायचं, बहुतेक उद्या सकाळी. कधी कधी मात्र कोशाला बारीक भोकं पडून आतून चिमुकल्या गांधीलमाश्या निघतात. वाईट वाटतं, पण तेही चालायचंच.

माझं म्हणणं एवढंच की लोक झेंडू, घाणेरी, सदाफुली लावतात आणि फुलपाखरू राहत का नाही म्हणून विचारतात. ते फुलांवर जेवायला येतं, अंडी घालायला त्याला पोरांच्या खाण्याचं झाड लागतं. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, सोसायटीच्या गेटवर सरळसोट वाढतो त्या अशोकावर टेल्ड जे. आणि २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं ते ब्लू मॉरमॉन, त्याच्या अळ्या लिंबू-पपनसाची पानं खातात, म्हणजे आपण लिंबावर फवारतो तेव्हा कुणावर फवारतो ते बघा. कडुलिंबाचं तेल सुद्धा चालत नाही हो, अळी त्यानेही मरते.

झाड अगदीच लहान असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर ठेवता येतात, चावत नाहीत, फक्त वास सोडतात.

तर पुढच्या वेळी फुलपाखराचा फोटो छापाल तेव्हा शेजारी त्याच्या अळीचा पण छापा. मोठा नको, स्टँपएवढा चालेल. आज सकाळी सासूबाईंच्या झाडावर तीन शीटा मोजल्यात, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर