ताई, तुमची चतकोर भाकरी प्रश्नावलीत राहिली

ताई, सप्रेम नमस्कार.

एवढं मोठं मोबाइलवर तुम्ही वाचणार नाही, 'व्हॉइस पाठवा की मॅडम' म्हणणार, हे ठाऊक आहे. तरी लिहितेय, तेही चारचौघांत. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला 'स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांचे सहकार्य' एवढंच आलं. नाव घालू का म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "नको, मीटिंगला विचारत बसतील." म्हणून इथंही घालत नाही. पाटण तालुक्यातल्या एका डोंगरकुशीतल्या गावाच्या आशाताई, एवढं पुरे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. 'पॅसिक' नावाची 20 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. 2005 साली ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. सिएटलच्या डॉ. एडवर्ड वॅग्नर यांनी दीर्घकालीन आजारांच्या देखभालीची जी रीत मांडली, तिच्यावर ती बेतलेली आहे. साखर, बीपी, दमा, म्हणजे जन्माची गोळी लागलेल्या माणसाला गेल्या 6 महिन्यांत दवाखान्यात नुसत्या गोळ्या मिळाल्या, की त्याचं म्हणणंही कुणी विचारलं, हे त्याच्याच तोंडून काढायचं. प्रत्येक उत्तराला 1 ते 5 गुण. (आशा योजनाही 2005 चीच. तुम्ही आणि ही प्रश्नावली एका वयाच्या!)

ही प्रश्नावली मराठीत आणणं हा माझा प्रबंध. रीत ठरलेली असते. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक करायचं, मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसांकडून ते परत इंग्रजीत करून घ्यायचं. आमचं परत आलेलं इंग्रजी मुळाशी इतकं जुळलं की मी त्या रात्री निवांत झोपले. सरकारी मराठी इंग्रजीत परत न्यायला फार सोपी असते, हे तेव्हा कळलं नव्हतं. 'ध्येय' लिहिलं की 'गोल' परत येतो. मधल्या मधे माणसाला काही कळलं का, हे त्यात कुठंच दिसत नाही.

ते दिसलं तुमच्याबरोबर ओसऱ्यांवर बसल्यावर. पहिल्याच आजींना मी विचारलं, "आपल्याला कोणता दीर्घकालीन आजार आहे?" त्या घाबरल्या. "न्हाई बाई, मला तसलं काय न्हाई. मला नुसती साखर हाय." शेजारच्या आजोबांना विचारलं, उपचार सुचवताना तुमची मूल्ये आणि परंपरा लक्षात घेतल्या का? ते म्हणाले, "मूल्य न्हाई घेत, सरकारी हाय, फुकटच." तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. परतताना बांधावर थांबून म्हणालात, "मॅडम, आबा माळकरी हैत. त्यांना अंडी खा म्हणून सांगतात. ह्येच इचारायचंय न्हवं तुमाला?" हेच विचारायचं होतं. त्या प्रश्नात आता 'रीतभात, उपासतापास' असे शब्द आहेत. तज्ज्ञ समितीत एकजण म्हणाले, उपासाने अर्थ आकसतो. आकसतो थोडा, खरंय. पण 'मूल्य'ने तो औषधाच्या दुकानात जात होता.

'उद्दिष्ट' लिहिलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ते आमच्या मीटिंगमधलं, लसीकरणाचं. तिथं 'तुम्हाला स्वतःला काय साधायचंय' आलं. 'कठीण काळातही आजाराची काळजी घेता यावी' हे वाचून एका काकूंना करोनाच आठवला. तुम्ही सहज म्हणालात, "अडीनडीला म्हणा की." ओढ्याला पाणी आलं, सुगी आली, घरात मयत झालं, सगळं त्या एका शब्दात बसलं. मी तो शब्द लहानपणापासून ऐकत आले, पण कागदावर पेन टेकवताना तो सुचला नाही.

आणि भाकरी. 'क्वचित' आणि 'कधीकधी' यांतला फरक कुणालाच सांगता येत नव्हता. मी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं आणली, तर सगळे हसऱ्यावरच बोट ठेवायचे. दवाखान्याला वाईट कसं म्हणायचं? तेव्हा तुम्ही माझ्या वहीवर निळ्या पेनने पाच गोल काढलेत: रिकामं ताट, चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी भाकरी. "किती मिळालं ते दाखवा," एवढंच म्हणायचं. साखरवाल्यांना भाकरी दाखवता काय, म्हणून एका आजोबांनी आपल्याला झापलं, पण बोट बरोबर चतकोरावर ठेवलं!

दुसरी मदत दिसायला अगदी साधी होती. तुम्ही उठून गेलात. "मी म्होरं असले तर खरं कोन सांगनार?" म्हणून प्रत्येक घरी मला बसवून तुम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसायचात. संशोधनाच्या वर्गात यावर एक अख्खं व्याख्यान झालं होतं. ते मी विसरले होते.

'उपचार ठरवताना तुमचं मत विचारलं का' या प्रश्नावर सगळेच गप्प व्हायचे. मी त्याची वाक्यरचना चार वेळा बदलली. शेवटी तुम्ही म्हणालात, "मॅडम, कळत न्हाई असं न्हाई. असं कधी झालंच न्हाई, मग काय सांगतील?" तो प्रश्न मग मी बदलला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र खरं लिहायला घेतलं, ते. एका प्रश्नात विचारतात, दवाखान्यातून आल्यावर पुढं कुणी विचारपूस केली का? एकामागून एक रिकामं ताट. ज्या मावशींचं बीपी बघायला तुम्ही आदल्याच दिवशी चढ चढून आला होतात, त्यासुद्धा म्हणाल्या, कुणी न्हाई. मी बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मला कशाला मोजतील? मी घरचीच." आणि चप्पल घातलीत.

रात्री मूळ प्रश्नावलीची प्रस्तावना पुन्हा काढली. तिथं देखभाल करणाऱ्या चमूत डॉक्टर, नर्स आणि फिजिशियन असिस्टंट आहेत. तिसऱ्या माणसाचं मी इमानदारीत 'वैद्यकीय सहाय्यक' करून ठेवलं होतं, आणि तसलं कुणी त्या गावात कधी आलंच नव्हतं. मराठी प्रस्तावनेत आता 'डॉक्टर, नर्सबाई किंवा आशाताई' असं आहे. समितीने ते एका बैठकीत मान्य केलं.

नंतरचं तुम्हाला कंटाळवाणं वाटेल. दोन आठवड्यांनी त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते, आणि नेमकी भातलावणी आली. चिखलातून संध्याकाळी घरोघर तुम्हीच नेलंत. मग क्रोनबाखचा अल्फा काढला. प्रश्न एकमेकांना धरून आहेत का, हे तो सांगतो. 0.7 च्या वर गेला की गाईड खूश. पण सगळ्यांनी 'मूल्य' म्हणजे किंमत असंच समजून उत्तरं दिली असती, तरी तो आकडा फारसा हलला नसता. पाहुण्या परीक्षकांनी मला याच मुद्द्यावर विचारलं, तेव्हा मी त्यांना तुमच्या ओसरीवर नेऊन बसवलं, म्हणजे तोंडी.

या कामाला तुमच्या मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. मी द्यायला गेले, तर तुम्ही चहाचेसुद्धा घेतले नाहीत. तो हिशेब माझ्याकडे बाकी आहे.

पुढच्या महिन्यात येतेय. भाकरीचा तक्ता लॅमिनेट करून आणते, तुमच्या हातच्याच चित्राचा. वही मात्र परत देणार नाही. आणि आबांना अंड्यांऐवजी आता काय खायला सांगतात, ते विचारून ठेवा.

तुमची,
कागदवाली मॅडम