बाटलीवर टॉर्च धरणाऱ्या मिरजेच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आमची फायटर माशांची पिल्लं आता चांगली मोठी झालीत. नरांना रंग चढलाय, समोरासमोर आले की कल्ले फुगवतात, म्हणून त्यांना वेगवेगळ्या बरण्यांत काढलं. फोनवर हे सांगितलं तर तुम्ही "छान, छान" म्हणालात आणि लगेच पाणी कधी बदलता ते विचारायला लागलात. आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही.

याआधीची वीण डोळ्यांदेखत गेली होती. नर बिचारा खाली पडणारं एकेक पिल्लू तोंडात धरून पुन्हा फेसाच्या घरट्यात नेऊन ठेवायचा. पोटाचा बलक दोन-तीन दिवसांत संपतो, पिल्लं मोकळी पोहायला लागतात, आणि मग त्यांना तोंडात मावेल असं हलतं, जिवंत काहीतरी हवं असतं. पावडरीकडे ती ढुंकूनही बघत नाहीत. म्हणूनच मी मागतील तेवढे पैसे देऊन एका दुकानातून "लाइव्ह कल्चर", म्हणजे पिल्लांच्या खाण्यासाठी पाण्यात वाढवलेले बारीक जिवंत जीव, आणलं. झाकण उघडलं तर नुसता कुजका वास. विचारलं तर उत्तर आलं, "ताई, तुमचंच पाणी खराब असणार." दुसऱ्याने आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांची, अंडी दिली. मिठाचं पाणी, हवा, ऊब सगळं दिलं. चांगली अंडी 28 अंशांला दिवस-दीड दिवसात फुटतात, यातलं एकही फुटलं नाही. तिसऱ्याला विचारलं की घरी कसं करतात, तर म्हणाला, "ते आम्ही सांगत नसतो." तोवर टाकीत रोज पिल्लं कमी होत होती. या लोकांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मेलेलं पाणी जिवंत म्हणून विकताना त्यांना काहीच कसं वाटलं नाही?

आणि तुम्ही! व्हिनेगर ईलची, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणाऱ्या बारीक कृमींची, बाटली भरून तयार होती, तरी ती लगेच माझ्या हातात दिली नाहीत. खिडकीशी नेलीत, मागून टॉर्च धरलीत आणि भिंग माझ्याकडे दिलंत. "आधी बघून घ्या, मग न्या." मला आधी काही दिसेना. तुमचा हात थरथरत होता, म्हणून तुम्ही कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलंत आणि टॉर्च तशीच धरून ठेवलीत. आणि मग दिसले. पाण्याच्या वरच्या थरात केसासारखे बारीक, चकाकणारे, एकसारखे वळवळणारे शेकडो जीव. "दिसले ना? नसतील दिसले तर दुसरी काढतो." मी हो म्हणेपर्यंत तुम्ही टॉर्च खाली घेतली नाहीत. काका, माझे डोळे तेव्हा भरून आले होते, तुम्हाला कळलं की नाही माहीत नाही.

पुढचं तुम्ही शिकवलंत तसंच केलं. बाटलीच्या गळ्यात कापसाचा बोळा, त्यावर साधं पाणी, आणि हवेसाठी ते आपसूक वर चढून येतात. मायक्रोवर्म, म्हणजे पिल्लांना देतात ते दुसरे बारीक कृमी, तळाला बसतात आणि दिवसभरात मरतात. हे ईल मात्र पाण्यात सगळीकडे पोहत राहतात, गोड्या पाण्यातही काही दिवस टिकतात. म्हणून पिल्लांना दिवसभर खायला मिळालं. पोटं पांढरी फुगलेली दिसायची. नंतर तुम्हीच दिलेली मोइना, म्हणजे बारीक पाणपिसू, सुरू केली.

पैशाचा विषय काढला तर म्हणालात, "माझं कल्चर मेलं तर तुमच्याकडूनच न्यायचंय." उपकार केल्याचा आव नाही, उलट मला बरोबरीची धरलंत. हा छंद अशाच माणसांनी जिवंत ठेवलाय, एका घरातून दुसऱ्या घरी बाटल्या देत.

परवा बोलता बोलता म्हणालात की उन्हाने तुमची मोइना मेली. आमच्या सावलीतल्या बादलीत भरपूर आहे. रविवारी मिरजेला येतेय, घेऊन येते. तुम्हाला सांगायला नको, पण पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवा, नळाचं ताजं नको.

तुमची,
सांगलीची फायटरवाली