लेबल कापू न देणाऱ्या शिंपीकाकांना

इंदूर

आदरणीय काका,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत आणि "त्यात काय एवढं" म्हणून दोनदा मला परत पाठवलंत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव लिहू नको म्हणालात, ते पाळते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत ज्यांनी कधी तुमच्याकडून कोट उलटवून घेतला असेल, ते ओळखतीलच.

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून तीन कपडे निघाले होते. फ्लॅनेलचा निळा ब्लेझर, क्रीम रंगाचा व्ही गळ्याचा स्वेटर आणि एक ट्रॅकसूटचं जॅकेट. आमच्या घरी त्या ट्रंकेतलं सगळं आजोबांचं, आणि आजोबांचं सगळं इंदूरच्या होळकर क्रिकेट संघाच्या काळातलं, असा समज होता. आजोबा स्वतः कॉलेजपर्यंतच खेळले, पण होळकरांचे कर्णधार सी. के. नायडूंना त्यांनी जवळून पाहिलं होतं आणि आयुष्यभर त्याच गोष्टी सांगितल्या. स्वेटरची गोष्ट तर आम्हा सगळ्या भावंडांना पाठ. इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत होता, होळकरांकडून रणजी खेळला, 1944-45 च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध नाबाद 249 काढल्या. त्याच दिवसांत महूच्या कुणा गोऱ्या सोल्जरनं आजोबांना हा स्वेटर दिला. वर 'मेड इन इंग्लंड' लिहिलेलं, मग शंका कोण घेणार?

बाबांच्या पंचाहत्तरीला ब्लेझरचं आणि स्वेटरचं लेबल काढून, खाली '1945' लिहून फ्रेम करायची, असं मी ठरवलं होतं. नीट उसवून द्या म्हणत तुमच्याकडे आले. तुम्ही कात्री उचललीत, लेबल वाचलंत आणि कात्री परत खाली ठेवलीत. "लेबल काढलंस की कपड्याची जीभच काढलीस. मग तो काही बोलणार नाही." हे वाक्य मी त्या दिवसापासून किती जणांना ऐकवलंय!

आधी ब्लेझर घेतलात. आतल्या खिशावर शिंप्याचं विणलेलं लेबल, त्यावर दुकानाचं नाव आणि खाली 'इंदूर, म. भा.' मी ते म. प्र. असंच वाचत होते. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "अक्षर बघ, अंदाज नको." म. भा., मध्यभारत. हे राज्य 28 मे 1948 ला झालं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य प्रदेशात विलीन झालं. उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. शाळेत हे शिकलो होतो, पण परीक्षा झाली आणि विसरलो. मग लेबलाचा एक कोपरा उचलून दाखवलात. खालचं अस्तर कोरं, बाजूचं घामानं पिवळं. कडेला सुईची जुनी भोकं नाहीत. म्हणजे लेबल दुसऱ्या कपड्यावरून आणून लावलेलं नाही, पहिल्या दिवसापासून तिथंच आहे.

आणि मग तुम्ही तो बिस्किटांचा डबा काढलात. काका, त्या डब्यासाठी वेगळं पत्र लिहायला हवं. तुमच्या वडिलांच्या वेळेपासूनची लेबलं, वर्षांप्रमाणे दोऱ्यात ओवलेली. सर्वांत खाली 'इंदूर सिटी, सी. आय.', म्हणजे सेंट्रल इंडिया, संस्थानाच्या दिवसांतलं. त्यावर म. भा., मग म. प्र. पुढे पत्त्यात टपाल विभागाचा आकडा, 'इंदूर-2', आणि शेवटी 452 ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड, जो 15 ऑगस्ट 1972 ला आला. विणलेली अक्षरं जाऊन सॅटिनवर छापलेली अक्षरं आली, तीही त्याच दोऱ्यावर दिसली. एकाच दुकानाच्या चिंध्या, आणि सारं गाव कसं बदललं ते त्यात. वर तुम्ही सावधही केलंत. लेबलं एकदम हजारांत विणून येत, राज्य बदललं म्हणून शिंपी ती फेकून देत नसे, संपेपर्यंत लावे. म्हणून 1956 नंतरचं एखाद-दुसरं वर्ष मोकळं सोडायचं. ब्लेझर 1945 चा नव्हे, पण होळकरांनी 1950-51 आणि 1952-53 ला रणजी जिंकली त्याच्या आसपासचा खरा. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते ब्लेझर मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते.

स्वेटरपाशी मात्र तुम्ही थांबलात. 'मेड इन इंग्लंड'च्या शेजारी लोकरीच्या लडीसारखं एक गोल चिन्ह होतं. मला ते नक्षीच वाटलं होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "हे वूलमार्क आहे, शुद्ध लोकरीची खूण. 1964 ला आलं. हा स्वेटर त्याच्या आधीचा असूच शकत नाही." माझा चेहरा उतरलेला तुम्हाला दिसला असणार, कारण लगेच म्हणालात, "गोष्ट खोटी असेल, स्वेटर खरा आहे. मापाकडे बघ." छाती 34. आजोबा सहा फुटी. "हा त्यांचा नाही. घरात विचार."

मी बडोद्याला आत्याला फोन केला. तिनं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "अगं, तो माझा आहे! मामानं लीड्सहून आणला होता. बॅडमिंटनला जायचे ना मी." इंदूर विद्यापीठ 1964 ला सुरू झालं, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत आत्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत खेळत होती. थंडीत पहाटे सायकलवरून कोर्टवर जायची, रॅकेट वाकू नये म्हणून तिला लाकडी चौकट आणि चार स्क्रू लावून ठेवायची. 1969 ला लग्न झालं, रॅकेट कुणाला तरी दिली, स्वेटर ट्रंकेत गेला. आत्या खेळायची हे मला माहीतच नव्हतं. बाबा तेव्हा शाळेत, त्यांनाही धूसर आठवतं. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो पाठवला. तोच स्वेटर, डाव्या कोपरावर आजीचं रफू, जे तुम्ही बोटानं चाचपून "हे घरचं काम" म्हणाला होतात.

जॅकेटचं तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत. आदिदासचं तीन पानांचं चिन्ह आहे म्हणजे 1970 च्या दशकाआधीचं नाही, 'मेड इन वेस्ट जर्मनी' आहे म्हणजे 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक व्हायच्या आधी शिवलेलं. ते आमच्या घरच्या मोठ्या काकांचं निघालं. चेन बदललेली आहे, तिच्यावरून वर्ष काढू नकोस, हेही बजावलंत. चुलतभावाच्या अमेरिकन जॅकेटवरचा आर. एन. नंबर त्यानं शिलाईचं साल समजून सगळ्यांना सांगितला होता. तो कंपनीच्या नोंदणीचा नंबर असतो, हे तुमच्याचमुळे त्याला समजावता आलं.

फ्रेम केली नाही. ब्लेझर मलमलीत गुंडाळून ठेवलाय, लेबल जागच्या जागी आहे. सोबत एक चिठ्ठी, तुम्ही सांगितलंत तशी: काय दिसतं ते एका बाजूला, काय ऐकलं ते दुसऱ्या बाजूला. कॉम्प्टनची गोष्ट दुसऱ्या बाजूला लिहिली आहे, आजोबांच्याच शब्दांत.

आत्या दिवाळीला येतेय. स्वेटरच्या खालच्या पट्टीला कसर लागलीय, तो तुमच्याकडेच आहे. माझ्याकडे देऊ नका. तिला दुकानात घेऊन येते, तिच्याच हातात द्या.

तुमची,
तीन कपडे घेऊन आलेली मुलगी