आजोबांच्या नावानं द्यायचं तर

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आजोबांच्या नावानं वेशीवर कमान बांधायचं तुमच्या मनात आहे आणि त्यासाठी निवृत्तीच्या पैशांतले 3 लाख बाजूला काढलेत, हे फोनवर कळलं. "तू याच कामात आहेस, तुझं मत कळव," म्हणालात. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, आणि हातात पेन घेऊन, रेघा मारत वाचल्याशिवाय तुम्हाला काही पटत नाही. म्हणून लिहिते आहे.

मत आधीच सांगते. कमान बांधू नका. तेच पैसे दरवर्षी थोडे थोडे, चार-पाच वर्षं, गावातल्या पोरापोरींसाठी जे काम आधीपासून चालू आहे, जशी पोरांची अभ्यासिका, त्याला द्या. आजोबांचं नाव त्यात जास्त राहील असं मला मनापासून वाटतं. का वाटतं ते सांगते.

मी संभाजीनगरला ज्या संस्थेत आहे ती छोटी अनुदानं देते. 25 हजार, 50 हजार, फार तर लाख-दीड लाख. अर्ज येतात ते अगदी साधे. वाचनालयाला कपाट आणि वर्षभराची स्पर्धा परीक्षेची मासिकं हवी असतात. कुठं पोरांना पखवाज शिकवणाऱ्या बुवांचं मानधन द्यायचं असतं. कुठं मुलींच्या खो-खो संघाला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचा गाडीखर्च. शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटतं. पण गावात एखादं चांगलं काम बंद पडतं ते बहुतेक वेळा अशाच किरकोळ पैशांवाचून.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत घडलं ते त्याच्यामुळं. बालाघाटच्या डोंगरांच्या कुशीतल्या एका गावात काही मुली पोलीस भरतीची तयारी करत होत्या. मैदानी चाचणी 50 गुणांची असते: 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. गावातल्या तरुण मंडळानं त्यांच्यासाठी बुटांची आणि ट्रॅकसूटची यादी पाठवली होती. आमची एक सहकारी मुलींसोबत देवळाच्या ओट्यावर बसली आणि नुसतं विचारलं, तुमचं अडतं कुठं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हणाली, "ताई, बूट नंतर बघू. पाहाटं अंधार आसतो, घरचे सोडत न्हाईत."

दिवसा शेतात काम आणि गावभर माणसं, त्यामुळं पळायचं ते पहाटे पाचलाच. आणि पाचला एकट्या मुलीला कोणते आई-बाप पाठवतील? मुलींनी स्वतःच तोड सुचवली. गावातल्या एका विधवा मावशीला महिन्याचं मानधन द्यायचं. तिनं घरोघरी जाऊन मुलींना उठवायचं, मैदानावर थांबायचं आणि परत घरी सोडायचं. शिवाय मैदानाच्या कडेला दोन दिवे. बस्स. त्या मावशीच्या शब्दावर आणखी घरांतून मुली यायला लागल्या. सगळ्या भरती झाल्या असं मी सांगणार नाही. भरती तशी होतही नाही, जागा थोड्या आणि पळणाऱ्या हजारो. पण ज्या घरांत दहावीनंतर लग्नाचं बोलणं सुरू होणार होतं तिथं "यंदा भरतीचं बघू" म्हणून ते पुढं ढकललं गेलं. बाबा, तुम्ही मुख्याध्यापक होतात. मुलीला असं एखादं वर्ष मिळणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगावं?

आता तुम्ही म्हणाल, सरकार आहे, मोठ्या कंपन्या आहेत, त्या देतात की. देतात. सरकारी पैसा कसा येतो ते तुम्ही नोकरीभर पाहिलंय. सर्व शिक्षा अभियानाची रक्कम यायची तेव्हा कशावर किती खर्चायचे ते वरूनच ठरून यायचं. दाराची कडी तुटली असली तरी खडूचे पैसे कडीला लावता येत नव्हते. त्या शिस्तीचं कारण मला कळतं. पण पहाटे मुलींना उठवणाऱ्या मावशीसाठी कुठल्या लेखाशीर्षात जागा असणार?

आणि कंपन्यांचं असं, की 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले. चांगलीच गोष्ट झाली. पण त्याच कायद्यात कंपनी जिथं चालते त्या परिसराला प्राधान्य द्या असंही लिहिलंय. वाळूज, शेंद्रा, जालना इथं कारखाने आहेत. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीच्या डोंगरातल्या तांड्याजवळ कोणता मोठा कारखाना आहे? शिवाय 2021 पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला केंद्राकडं वेगळी नोंदणी करावी लागते. गावातल्या तरुण मंडळाला ते कुठलं जमायला? पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशातून मदत आणून त्यातला वाटा छोट्या संस्थेला द्यायची. 2020 च्या दुरुस्तीनं तेही थांबलं, एका संस्थेला आलेला परदेशी पैसा आता दुसरीला देता येत नाही. म्हणजे वरून येणारा पैसा जिथं अडतो त्याच्या खालचं सगळं गावातल्याच माणसांवर येतं. तुमच्यासारख्यांवर.

आपल्या भागाला हे नवं नाही. निजामाच्या राज्यात 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली ती लोकांच्याच आधारावर. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी झालेले स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते आणि नंतर अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत. तिथली पोरं पुढं मुक्तिसंग्रामात उतरली, हे तुम्हीच आम्हाला 17 सप्टेंबरच्या झेंडावंदनाला दरवर्षी सांगायचात. आणि आजही आपल्या गावात सप्ताह म्हटलं की चार दिवसांत वर्गणी जमते, घराघरातून भाकरी निघतात. देण्याची सवय आहेच. ती अभ्यासिकेकडं आणि मैदानाकडं थोडी वळवायची, एवढंच मी म्हणते.

पण देताना न विचारता दिलं की काय होतं, तेही तुम्हीच पाहिलंय. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तुम्ही किल्लारीकडं गेला होतात. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडलेले आणि लोक म्हणत होते, आम्हाला पत्रे द्या, अंधाराला कंदील द्या. ट्रक यायचे आणि माल उतरवून जायचे. काम टिकलं ते पुढं, घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं तेव्हा. गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. त्या दारोदार गेल्या, कुणाचं काय अडलंय ते बघितलं. त्या तिथल्याच होत्या म्हणून मदत योग्य घरात पोचली.

म्हणून मला वस्तू देण्याची थोडी धास्ती वाटते. संगणक येतो, फोटो निघतो आणि खोलीला कुलूप लागतं, कारण लाइटबिल कोण भरणार आणि खोली उघडणार कोण हे कुणी विचारलेलंच नसतं. कमानीसारखी वस्तू तर उद्घाटनाच्या दिवशीच पूर्ण होते, त्यानंतर तिच्याकडून काही घडत नाही. अभ्यासिकेला लाइटबिल, झाडलोट, इंटरनेट आणि संध्याकाळी दार उघडणाऱ्या पोराचं मानधन लागतं. हा खर्च कंटाळवाणा आहे आणि त्यावर नावाची पाटी लावता येत नाही, म्हणून तो कुणी देत नाही. तोच तुम्ही द्यावा. आणि एकाच वर्षी सगळं देऊ नका. पहिल्या वर्षी पोरं घाबरत खर्च करतात, दुसऱ्या वर्षी त्यांना काम कळतं, तिसऱ्या वर्षी ती स्वतः वर्गणी जमवायला लागतात. वर्षानंतर हात आखडला की सगळं मोडतं.

ऊसतोडीच्या घरांची लेकरं विसरू नका. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघाले की आपल्या खालच्या वस्तीत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. शाळेचं हंगामी वसतिगृह असलं तर जेवणाची सोय होते, पण संध्याकाळी सात ते नऊ कुणी जवळ बसवून अभ्यास घेत नाही. आजीला अक्षर येत नाही. आपल्या गावात बारावी झालेल्या दोन-तीन सुना आहेत. त्यांच्यापैकी एकीला मानधन देऊन वर्ग चालवला तर लेकरांचा अभ्यास होतो आणि सुनेच्याही हातात स्वतःचा पैसा येतो. मला हे काम सगळ्यांत जवळचं आहे, म्हणून जरा जोर देऊन लिहिते.

एक अट मात्र घाला, आणि ती लेखी घाला. अभ्यासिकेत सगळ्या वस्त्यांची पोरं बसतील. वरच्या आळीची, बौद्धवाड्यातली, तांड्यावरची, मुसलमानांची. सध्या आपल्याकडं माणसं एकमेकांपासून तुटत चालली आहेत, ते तुम्ही रोज बघता. आजोबांनी पंगतीत कुणाला वेगळं बसू दिलं नाही, त्यांच्या नावाच्या खोलीत ते होऊ नये.

आता व्यवहाराचं. अभ्यासिका चालवणारं मंडळ नोंदलेलं आहे का ते बघा. आपल्याकडं 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्ही नोंदणी असते. प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. मागायला संकोच करू नका, नीट चालवणारे आनंदानं दाखवतात. नोंदणी नसेल तर पोरांना लगेच धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे घालायला लावू नका. वाचनालय किंवा शाळा व्यवस्थापन समिती तयार असेल तर तिच्या खात्यातून द्या. रोख देऊ नका, चेकच द्या आणि पावती घ्या. देणगीवर प्राप्तिकरात सूट (80जी ची) मिळेल म्हणून कुणी सांगितलं तर ध्यानात ठेवा, नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि जुनीत असलात तरी 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. हिशेब मात्र साधा मागा. एक वही, पावत्या आणि तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांसमोर वाचन. पोरांचा वेळ कागद रंगवण्यात गेला तर ती शिकवणार कधी?

आई, तुला एक काम सांगते, ते बाबांना जमणार नाही. त्यांच्यासमोर मुली उभ्या राहून "हो सर" एवढंच म्हणतील. तुझ्या बचत गटाची बैठक झाली की शेजारपाजारच्या पोरींना घरी बोलाव, येसराची आमटी कर आणि त्यांचं अडतं कुठं ते विचार. सल्ला देऊ नकोस, नुसतं ऐक. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं मला सांग. बारा महिने पै पै जमवून गट कसा टिकवायचा हे गावात तुझ्याइतकं कुणाला कळतं? म्हणून पैशाची वही तुझ्या गटातल्या एखादीनं बघावी असंही माझ्या मनात आहे. बाबांना विचार.

बाबा, सरपंचांना कमानीचा शब्द दिला असेल तर त्यांना हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही. आधी अभ्यासिकेच्या पोरांकडून वर्षभराच्या खर्चाचा कच्चा कागद करून घ्या आणि त्याचा फोटो मला पाठवा. आकडे फुगलेले वाटले तरी लगेच खोडू नका, मी बघते. ऊसतोडीच्या वर्गाचा वेगळा कागद हवा आणि तो दसऱ्याच्या आत, कारण कोयते निघायच्या आधी आई-बापांशी बोलावं लागेल.

आईच्या गुडघ्याची गोळी संपत आली असेल, चिठ्ठी पाठवा, इथून घेऊन पाठवते. 

तुमची लेक